माझ्यासमोर घेतलेला नियम

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेनं शेवटचं पान आधी उघडायला नको. आमचे हे वाचले नाहीत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही एकत्र केल्या आणि मग ते गेले. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरलाय त्यांनी एवढ्यानं वाचायचं सोडू नये. दोन दिवाळ्या म्हणजे थोड्या नव्हेत. आम्हाला तर त्या वेळी एका दिवाळीचीही खात्री कुणी देत नव्हतं.

मी राजमती. माहेर कोल्हापूर, सासर कोल्हापूर. तोंडानं फटकळ आहे, ते वाचताना कळेलच. ह्यांचं नाव भूपाल. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आम्ही जैन, पण माझं जैनपण कांदा-लसूण न खाण्यापुरतं आणि ह्यांचं पार हाडापर्यंत. पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत. सूर्य मावळला की जेवण बंद. पावसाळ्यात दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून वर्कशॉप उजेड असतानाच बंद करायचे. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून ओरडायचं, हे कुलूप लावून मोकळे! आणि रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गल्लीच्या टोकाच्या बस्तीत अभिषेकाला जायचे. आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही मला एकटीला चहाला बसवून हे बस्तीत गेले होते. मी तेव्हाच सासूबाईंना म्हटलं होतं, "ह्यांचं लगीन आधीच झालंय की हो!"

कावीळ

पहिल्यांदा तळव्यांना खाज सुटली. मी साबण बदलला. मग अंगभर खाज, मग डोळे पिवळे. कोल्हापुरात कुणाला कावीळ झाली म्हटलं की निम्मी गल्ली डॉक्टर होते. एकानं सांगितलं, राधानगरीच्या वाटेवर एका गावात पाला देतात, तीन वाऱ्या करायच्या. दुसरीनं हातात दोरा बांधायला लावला. तेल-तूप बंद, उसाचा रस चालू. हे महिनाभर मुकाट्यानं ताक-भात खात राहिले. कावीळ उतरायची सोडून चढत गेली. दुखत काहीच नव्हतं आणि तिथंच आम्ही फसलो.

आमची एकुलती एक लेक त्रिशला इचलकरंजीला दिलीय, तिथं कॉलेजात शिकवते. ती रविवारी आली, बापाच्या डोळ्यांकडं बघितलं आणि दारातच पिशवी टाकून ओरडली, "आई, डोकं फिरलंय काय तुमचं? दोरे कसले बांधताय?" तसंच गाडीत घालून सोनोग्राफीला नेलं.

पुढच्या कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून लिहिते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंग खाजायला लागलं, शौचाला पांढरट व्हायला लागली, वजन उतरायला लागलं, तर पाला नको आणि दोरा नको. पहिल्या दिवशी डॉक्टर गाठा.

सोनोग्राफीवरून सी.टी. स्कॅन, तिथून मोठ्या डॉक्टरांकडं. सर्जन तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, तिनं पित्ताची वाट अडवलीय. वर म्हणाले, "त्यातल्या त्यात नशीब, गाठ या बाजूला आहे म्हणून कावीळ झाली आणि कळलं. शेपटाकडं असती तर कळायला अजून उशीर झाला असता." नशीब म्हणे! मला वाटलं उठून त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यावं.

ह्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "वर्कशॉपला कधी जाता येईल?" डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं. आम्ही बाहेर आलो. जिन्यात हे मध्येच एका पायरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाले, "राजमती, तू नीट ऐकलंस न्हवं? मला मधलं कायबी ऐकायलाच आलं न्हाय." मग मी त्यांच्या शेजारी बसून सगळं पुन्हा सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्यांना डॉक्टरांनी नाही सांगितला, मी सांगितला. येणारी-जाणारी माणसं आमच्यावरून पाय टाकून जात होती.

ओ पावणं, गॅस गेला का?

ऑपरेशनला सकाळी नेलं ते दिवे लागायच्या वेळेला बाहेर आणलं. त्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येत नाही. त्रिशला नुसती येरझारा घालत होती आणि मी तिच्यावर उगीचच खेकसत होते.

मग वॉर्डातले दिवस. पोटातून निघालेल्या नळ्या, त्यातलं पाणी मोजणं, सकाळी स्पंज, रक्त तपासायला सुई, "चला काका, उठा, चालायचंय." शेजारच्या खाटेवर राधानगरीकडचा दादू होता. म्हशींचा गोठा होता त्याचा. त्याचंही हेच ऑपरेशन दोन दिवस आधी झालं होतं, त्यामुळं तो स्वतःला सीनिअर समजायचा. या ऑपरेशननंतर आतडं चालू झालं की नाही हे गॅस गेल्यावर कळतं. डॉक्टर रोज तेच विचारणार. दादूचा आवाज म्हणजे शिवार ओलांडून जाणारा. सकाळी डोळे उघडले की अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ओ पावणं! गॅस गेला का?" आमचे हे शरमेनं चादर तोंडावर घ्यायचे. आणि ज्या दिवशी गेला त्या दिवशी दादूनं टाळ्या वाजवल्या. सिस्टर हसली, मी हसले, हे टाके धरून हसले. "हसवू नगा हो, पोट फाटंल," म्हणत होते. आजारपणात असले क्षण येतात ते साठवून ठेवा. पुढं फार लागतात.

टाके निघायच्या सुमारास कापून काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. सर्जनांनी मला आणि त्रिशलाला बसवून घेतलं. म्हणाले, ऑपरेशननंतर माणूस किती जगतो हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. गाठ किती मोठी होती, कापलेल्या कडेला आजार उरलाय का, आजूबाजूच्या ग्रंथींत शिरलाय का, तिची जात किती खोडीची आहे. हे जे आहे ते आहे, त्यात आता बदल होत नाही. ह्यांच्या कडा स्वच्छ आल्या होत्या, पण थोड्या ग्रंथींत आजार होता. "मग आमच्या हातात काय आहे ते सांगा," मी म्हटलं. ते म्हणाले, "तब्येत उचलणं. वजन टिकवणं, साखर ताब्यात ठेवणं आणि केमो वेळेत सुरू करून पुरी करणं. या आजारात तेवढंच हातात असतं, पण त्यानं फरक पडतो."

मी घरी येऊन देवासमोर नाही, स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं, एवढंच ना? मग हे तर माझंच काम आहे. खाऊ घालायचं काम मला कुणी शिकवायला नको.

किती मूर्ख होते मी.

न्हाय

घरी सोडायच्या आधी आहारतज्ज्ञ बाई आल्या. चांगली बाई, मनापासून बोलणारी. सहा वेळा थोडं थोडं खायचं, पनीर, मूग, दही, शेंगदाणे. सूर्यास्ताआधी सगळं बसवायचं तर कसं, हेही तिनं कुरकुर न करता बसवून दिलं. मग म्हणाली, "स्वादुपिंड कापल्यामुळं अन्न पचवणारे रस कमी पडतात. म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर ही कॅप्सूल." आणि थोडं थांबून, "तुम्ही जैन आहात ना काका? मग एक सांगायला हवं. या कॅप्सूलमधलं औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात."

ह्यांच्या हातात कॅप्सूलचं पाकीट होतं. त्यांनी ते हळूच खाटेच्या कडेला ठेवलं, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "न्हाय."

एवढंच. रागावले नाहीत, वाद घातला नाही. त्या बाईनं मग बुरशीपासून बनवलेली दुसरी गोळी दिली. ती घेतली. कुणाला भागत असेलही, ह्यांना नाही भागलं. खाल्लेलं तसंच्या तसं, तुपकट होऊन पडायचं. मी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायचे, मऊ भात, मेतकूट, खिरी, नाचणीची आंबील. हे बिचारे खायचे, न आवडलं तरी खायचे, आणि तासाभरात पोट धरून आत पळायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. हातातली अंगठी एक दिवस, लेथवर बसताना काढून ठेवायचे तशी, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही उचलून ठेव. पडंल कुठंतरी."

केमोच्या डॉक्टरांनी वजन बघितलं आणि तारीख पुढं ढकलली. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा ढकलली. "या तब्येतीला झेपणार नाही. आणि फार उशीरही करता येत नाही." आमच्या हातात तेवढंच होतं आणि तेही निसटत होतं.

मी काय काय नाही केलं! त्रिशलानं बापाचे पाय धरले. बस्तीतले पंडित घरी आले, म्हणाले, "अण्णा, औषध म्हणून घ्या. आजारपणात सूट असते. नंतर प्रायश्चित्त आहे." हे शांतपणे म्हणाले, "पंडितजी, प्रायश्चित्त केल्यावर त्या डुकराचा जीव परत येतो का हो?" पंडित चहा न घेता गेले.

मी म्हटलं, "तुम्ही घ्या. पाप माझ्या नावावर."

"पाप म्हणजे काय सातबारा हाय, नावावर करायला?"

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. ताट पुढं होतं, ते मी बाजूला सारलं. "तुमच्या त्या डुकराला जीव आहे, मुंगीला जीव आहे, दिव्यावरच्या किड्याला जीव आहे. मला न्हाई व्हय? मी काय लाकडाची हाय? तुमी असं वाळून वाळून मरणार आणि मी बघत बसायचं? ही मला मारायची कुठली अहिंसा काढलीसा तुमी?" शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी मध्येच थांबल्यासारखी वाटली, एवढी ओरडले. मग रडले. ह्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीतून आले ते माझ्यासमोर येऊन बसले. पाटावर, हात जोडून. मला वाटलं थट्टा करताहेत. म्हणाले, "मला नियम दे."

आमच्यात मुनींसमोर नियम घेतात. अमुक खाणार नाही, तमुक करणार नाही. ज्यांच्यासमोर घेतला त्यांनी सोडवल्याशिवाय तो सुटत नाही. ह्यांनी आयुष्यभर घेतलेले नियम कधी मोडले नव्हते.

"अहो, मी काय मुनी आहे? उठा, कायतरीच."

"ऐक. मला माझं मन ठावं हाय. आज तुझ्यासाठी घेईन आणि उद्या घशाशी आली की थुंकून टाकीन. नियम असला तर न्हाय थुंकणार. तू दे. तू सांगस्तोवर बंद करणार न्हाय."

मी दिला. काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, तर त्यांनीच शब्द सांगितले आणि मी त्यांच्यामागून म्हटले. मग मी पाकीट आणलं. पहिली कॅप्सूल त्यांनी पाण्याबरोबर घेतली. डोळे मिटून घेतले. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली. मी जिंकले होते, आणि त्यांच्या हातातलं भांडं घेऊन आत पळाले.

बाहेरनं दर्शन

दुसऱ्या दिवशी बस्तीत गेले ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. "एवढ्यात?" मी विचारलं. "बाहेरनं दर्शन घेतलं," म्हणाले आणि पेपर उघडला.

मला वाटलं थकवा असेल. तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेले. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, अनवाणी. उंबऱ्याबाहेर, चपला काढतात त्या जागेच्या जरा वर, भिंतीला धरून उभे होते. आत अभिषेक चालला होता. ज्या कलशानं हे इतकी वर्षं पाणी घालत आले तो दुसऱ्या कुणाच्या हातात होता. हे मान उंच करून बघत होते. माणसांच्या पाठींमधून दिसतंय का, म्हणून एकदा टाचा उचलल्या.

पंडित बाहेर आले, "अण्णा, आत या. कुणी काही बोलणार नाही." हे म्हणाले, "कुणी बोलंल म्हणून न्हाय. माझं मलाच जमत न्हाय. त्या हातानं अभिषेक कसा करू?"

मी तशीच मागं फिरले. घरी येऊन पिठाचा डबा उघडला आणि उगीचच पीठ चाळत बसले. मला माझा माणूस हवा होता, मी तो धरून ठेवला होता. आणि तो माणूस आता दाराबाहेर उभा होता. मला कुणी विचारलं, पुन्हा तसंच करशील का? तर करीन. शंभरदा करीन. पण त्या उचललेल्या टाचा मला अजून दिसतात.

वजन थांबलं, मग थोडं वर आलं. केमो सुरू झाली. तोंड आलं, केस विरळ झाले, बोटांना मुंग्या आल्या, दोन वेळा ताप येऊन ॲडमिट व्हावं लागलं, पण पुरी झाली. डॉक्टर म्हणाले, "काकांनी कमाल केली." रोज सहा वेळा मी त्यांच्या तळहातावर कॅप्सूल ठेवायचे आणि ते गिळायचे. एकदाही चुकवली नाही. एकदा इचलकरंजीला त्रिशलाकडं गेलो आणि पाकीट घरी राहिलं, तर जेवायचे थांबले. जावई मेडिकलमध्ये जाऊन घेऊन आले तोवर ताट निवलं. नियम म्हणजे नियम.

पहिल्या दिवाळीला त्यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन लेथची पूजा केली. मग मशीन चालू करून नुसतं ऐकत उभे राहिले. "बेअरिंग वाजतंय," म्हणाले. इतके खूश झाले की मला हसू आलं. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि ह्याला बेअरिंगचं पडलंय.

त्याच हिवाळ्यात दादू गेला. त्याच्या बायकोचा फोन आला होता. दादू सगळं खायचा. अंडी, पायाचं सूप, मटणाचा रस्सा, आणि डुकराची कॅप्सूल तर आवडीनं. "औषध हाय का रानडुकराचं? मग चालतंय की!" म्हणायचा. त्याचं वजनही चांगलं वाढलं होतं. तरी गेला. ह्यांनी मला फोनवरचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तो तर समदं खात हुता न्हवं?"

हातातल्या गोष्टी हातात असतात आणि हाताबाहेरच्या हाताबाहेर. दोन्हीकडून सारखं ओढलं जातं. कुणी तुम्हाला सांगेल, अमुक खाल्लं म्हणून वाचला, तमुक केलं नाही म्हणून गेला, तर त्याला घराबाहेर काढा. पण म्हणून हातातलंही सोडू नका. मी एवढंच शिकले.

मी सांगत नव्हते

दुसरी दिवाळी झाली आणि पाठ दुखायला लागली. स्कॅनमध्ये यकृतात ठिपके दिसले. केमोच्या डॉक्टरांनी दुसरी केमो सांगितली, घ्यायची तर घेऊ, फायदा थोडाच होईल, असंही सांगितलं. ह्यांनी हात जोडले. "बास झालं, डॉक्टर." डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता त्यांना दुखणार नाही एवढं बघू. बाकी त्यांना जे आवडेल ते करू द्या."

घरी आल्यावर ह्यांनी दूध प्यायला घेतलं. मी सवयीनं कॅप्सूल पुढं केली. त्यांनी ती तळहातावर घेतली, बघत राहिले आणि विचारलं, "आता तरी बंद करू?"

मी म्हटलं, "दूध निवतंय."

त्यांनी गिळली. पुन्हा कधी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, जे आवडेल ते. मला ठाऊक होतं त्यांना काय आवडेल. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्रिशला म्हणाली, "आई, सोडव की त्यांना." मी तिला म्हटलं, गोळी बंद केली की पोटात कळा येतील, जुलाब होतील, डॉक्टरांनीच सांगितलंय. ते खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मी 'बंद करा' म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ एकच होता. आता तुम्हाला वाचवायचं नाही, असं मी माझ्या तोंडानं त्यांना सांगायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, स्कॅनवर लिहिलेलं मी वाचलं होतं, पण माझ्या तोंडानं मी काही सांगितलेलं नव्हतं. आणि जोवर मी सांगत नाही तोवर हे जाणार नाहीत, असं माझ्या डोक्यात कुठंतरी बसलं होतं. शिकलेल्या बाईनं असं म्हणू नये. मी म्हणते.

दिवस गेले. खाणं चार घासांवर आलं, मग दोन. दोन घासांसाठी एक कॅप्सूल. मी ठेवायची, ते गिळायचे. गिळताना त्रास व्हायला लागला होता. बस्तीपर्यंत चालत जाणं बंद झालं, तर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तिथून बस्तीची घंटा ऐकू येते, दिसत काही नाही. घंटा वाजली की हात जोडायचे. मी आतून बघायचे आणि चिडायचे. त्यांच्यावर, घंटेवर, डुकरांवर, औषधवाल्यांवर, सगळ्या जगावर.

एका सकाळी मऊ भात कालवून नेला. ह्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला. तळहात एवढासा झाला होता, नुसती हाडं. त्या हातावर डुकराची गोळी यायची वाट बघत तो मुकाट्यानं पुढं आला होता. मी सांगितलं म्हणून. फक्त मी सांगितलं म्हणून. इतके दिवस हा माणूस देवासाठी नव्हे, माझ्यासाठी जगत होता, आणि मी त्याला त्याच्या देवाकडंही जाऊ देत नव्हते.

मी त्या तळहातावर माझा हात ठेवला.

"आजपासनं न्हाई," म्हटलं.

"नक्की?"

"व्हय. सोडवला नियम."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, घरात कोण आहे नाही काही बघितलं नाही. ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. भात निवला.

मग म्हणाले, "अंघोळीला पाणी तापव."

पंडितांना घरी बोलावलं, त्यांनी जे सांगितलं ते सगळं केलं. प्रायश्चित्ताचं मी विचारलं नाही, ते त्यांचं आणि ह्यांचं. त्या दिवसांत पोटात कळा आल्या, फार आल्या. "देऊ का गोळी?" असं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. ते माझा हात घट्ट धरून ठेवायचे. कळ गेली की म्हणायचे, "गेली बघ."

आणि मग एका सकाळी त्रिशला आणि जावयांनी खुर्चीतून त्यांना बस्तीपाशी नेलं. धुतलेलं धोतर कमरेला राहीना, म्हणून मी करगोट्यात खोचून दिलं होतं. उंबऱ्यापाशी ते म्हणाले, उतरवा. आम्ही उतरवलं. आतली माणसं बाजूला झाली. कुणीतरी कलश भरून आणला. हे मात्र भिंतीला धरून, ज्या जागी इतके महिने उभे राहत आले, तिथंच उभे राहिले.

मला वाटलं ताकद संपली. जवळ जाऊन म्हटलं, "जावा की आत. आता कुणाची वाट बघतासा?"

माझ्याकडं वळून बघितलं. हसले.

"तुझीच बघत हुतो," म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत गेले.